थोरलीच्या आवाजात

शब्दकोशात त्या हिब्रू शब्दापुढं सरळ छापलं होतं: मिर्मा, म्हणजे कपट, फसवणूक. तरी धाकटीच्या कागदावर त्या जागी पाच दिवस नुसती रेघ होती.

ग्रंथालयाच्या कोपऱ्यातल्या खोलीत ती नऊ वर्षं पवित्र शास्त्राचं भाषांतर करत होती. दुपारी बाकीचे जेवायला बाहेर पडले की ती तिथंच एकटी डबा उघडायची. हल्ली घरीही एकटीच जेवायची. आज मात्र समोरच्या खुर्चीत तिची थोरली बहीण बसली होती, पायाशी चाकांची बॅग. आईला जाऊन तीन महिने झाले होते. तेव्हा परदेशातल्या थोरलीचं विमान रद्द झालं, आणि पुन्हा सुट्टी आत्ता कुठं मिळाली होती. विमानतळावरून ती थेट इथंच आली. आई नसलेल्या घराचं कुलूप एकटीनं काढवणार नाही, म्हणाली.

“एवढ्याशा शब्दाला काय अडलंय?” थोरलीनं कागद आपल्याकडं फिरवला.

धाकटीनं सांगायला सुरुवात केली. सांगताना मास्तरणीचा सूर लागला, त्याचं तिला बरंच वाटलं. गोष्टीतल्या म्हाताऱ्या बापाची दृष्टी गेलेली. धाकटा मुलगा थोरल्याचे कपडे चढवतो, थोरल्याचं नाव सांगतो आणि त्याच्यासाठी राखलेला आशीर्वाद घेऊन जातो. मागून थोरला येतो, तेव्हा बापाच्या तोंडी हा शब्द आहे. खोट्या तराजूलाही हाच शब्द, गोडगोड बोलून गळा कापणाऱ्यालाही हाच. पण हा धाकटा पुढं मोठा पूर्वज ठरला. त्याला कपटी कसं म्हणायचं? म्हणून फार जुन्या एका भाषांतरात इथं चक्क ‘शहाणपणानं’ असं घातलंय.

“आमचे सर म्हणतात, ‘युक्तीनं’ लिहा. वाचणाऱ्याच्या मनाला लागणार नाही.”

“आणि त्या धाकट्याचं पुढं काय झालं?”

“त्यालाही फसवलं. सासऱ्यानं, लग्नातच. एका बहिणीच्या जागी दुसरी उभी केली. तेव्हा हाच विचारतो, मला का फसवलंत? त्याच धातूचं क्रियापद.”

“बरी जिरली!” थोरली हसली. हसू ओसरल्यावर खिडकीकडं बघत म्हणाली, “आईनं शेवटी माझी आठवण काढली होती का गं?”

फोनवर तिनं हे एकदाही विचारलं नव्हतं.

धाकटीनं पेन्सिल उचलली आणि रेघेवर ‘कपटानं’ असं लिहिलं. अक्षर जरा मोठंच आलं.

“अगं, पाच दिवस अडलं होतं ना?”

“ताई, सकाळपासून ती तुलाच हाका मारत होती. थोरले, आलीस का? थोरले, आलीस का? तुझं विमान रद्द झालंय हे तिला सांगायचा धीर होईना. दिसत तर काहीच नव्हतं तिला. शेवटी मी ओ दिली.”

“ओ दिली म्हणजे?”

“‘आयो, आले गं मी,’ म्हटलं. तुझ्यासारखं.”

‘आयो’ फक्त थोरली म्हणायची. धाकटी नुसतं ‘आई’ म्हणायची. दोघींचे आवाज इतके सारखे, की फोनवर सख्खा मामासुद्धा चुकायचा. एका शब्दानं काम झालं होतं.

“तिनं ओळखलं नाही?”

“नाही. डोक्यावर हात ठेवला. म्हणाली, तुझ्यामुळं मी आई झाले. तुझं सगळं चांगलं होऊ दे.” धाकटीनं पेन्सिल बोटांत फिरवली. “हे तुझं आहे, ताई. तीन महिने माझ्याजवळ पडून आहे. फोनवर सांगवेना.”

चिडेल, ओरडेल, उठून जाईल, सगळ्याला धाकटीची तयारी होती. थोरलीनं पर्समध्ये रुमाल शोधला, सापडेना, तेव्हा बाहीनंच डोळे पुसले. मग टेबलावरून पुढं झुकून तिनं धाकटीचा हात पेन्सिलीसकट धरला.

“कपट कसलं त्यात, वेडे? समाधानानं जाऊ दिलंस तिला. आठ वर्षं तिचं सगळं तूच केलंस. मी आपली लांबून चौकशा करणारी.”

बाहेर जिन्यावर पावलं वाजायला लागली. माणसं जेवून परत येत होती. थोरलीनं हात सोडला नाही.

“आणि तुला काय म्हणाली?”

धाकटीनं हात सोडवून घेतला. कागद टेबलावर आपटून त्यांच्या कडा जुळवल्या. त्या आधीच जुळलेल्या होत्या.

“विचारलं तिनं. धाकटी कुठं गेली, म्हणाली. तिला बोलव, तिच्याशी बोलायचंय. दोनदा म्हणाली.”

“मग?”

“मी उशाशीच होते, ताई. म्हटलं, औषध आणायला गेलीय. येईलच इतक्यात.”