छोट्या गाडीचा ठराव

"तर ठराव असा," मुलाने जेवणाच्या टेबलावर चमच्याने टकटक केली, "की मोठी गाडी काढून टाकावी आणि घरासाठी छोटी घ्यावी. बोला आता."

चमच्याची टकटक मूळची आजोबांची, म्हणजे त्याच्या वडिलांची. कारखान्यात ते युनियनचे सेक्रेटरी होते, आणि हात वर झाल्याशिवाय काही ठरवायचं नाही ही खोड त्यांनीच घरी आणली होती. पडद्याचा रंग असो की नातीचं कॉलेज, सगळं इथे हात वर करून ठरे. तेही एकमताने. एकही हात खाली राहिला की ठराव बारगळला, मग कुणी कितीही आदळआपट करो.

"बोलायचंय काय त्यात?" सून म्हणाली. "म्हैस आहे नुसती. पिते पिते आणि गल्लीत वळतसुद्धा नाही. शेजारच्यांनी छोटी घेतली, ते तर पेट्रोलपंपाचा रस्ता विसरलेत."

नात पाठ करूनच आली होती. "पैशांचं सोडा हो, आजोबा. आपण रोज किती धूर सोडतो? पुढच्या पिढीने काय श्वास घ्यायचा?" पुढची पिढी म्हणजे ती स्वतःच. तिला नुकतंच लायसन्स मिळालं होतं आणि म्हैस तिला आवरत नव्हती.

आजोबा टेबलाच्या टोकाला, व्हीलचेअरमध्ये. अर्धांगाच्या झटक्याने त्यांची उजवी बाजू नेली आणि वाचाही नेली. समज तेवढी ठेवली, आणि तेच वाईट केलं. म्हैस गेली की काय होणार हे त्यांना सगळ्यांच्या आधी समजलं. त्यांची खुर्ची घडी न होणारी, मानेला आधार असलेली. मोठ्या गाडीचं मागचं दार उघडायचं, फळी लावायची आणि त्यांना खुर्चीसकट आत ढकलायचं. दर रविवारी असं ढकलून त्यांना गावाबाहेरच्या शुश्रूषागृहात नेत. तिथे आजी होती. त्यांचा डावा हात हातात घेऊन ती बसून राही, कधी ओळखून, कधी न ओळखता. तिला तिथे ठेवायचा ठरावही याच टेबलावर झाला होता, आणि सगळ्यांनी हात वर केले म्हणून तिनेही केला होता. छोट्या गाडीत ही खुर्ची कशी जायची?

कुणीतरी हे विचारावं म्हणून आजोबा एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिले. विषय काढला सुनेने, कारण उत्तर तिच्याकडे तयार होतं.

"आईंना रविवारी व्हिडिओ कॉल लावून देऊ. नाहीतरी त्या जाण्यायेण्यात बाबांचे किती हाल होतात. घरी आले की अगदी गळून जातात."

"आजीला तरी काय कळतंय, समोर बसलेत की फोनवर आहेत," नात म्हणाली.

"ए, असं बोलू नये," मुलगा म्हणाला, आणि त्याच्या लेखी तो विषय तिथे मिटला. "ठरावाच्या बाजूने?"

तीन हात वर गेले.

"विरोधात?"

आजोबांनी डावा हात उचलला. तो मध्येच अडला, पण डोक्याच्या वर गेला. बोलायला गेले तर घशातून नुसती घरघर निघाली. सगळ्यांनी तो हात पाहिला होता.

मग सून उठली. "पाणी हवंय वाटतं त्यांना."

तिने काठोकाठ भरलेला पेला त्या वर गेलेल्या हातात दिला, बोटं स्वतःच मिटवली आणि हात हळूच खाली त्यांच्या मांडीशी आणला. आजोबांना पेला भिरकावून द्यावासा वाटला. पण पाणी मांडीवर सांडलं, विजार भिजली, की या घरात त्याचा काय अर्थ लावतात आणि नाक मुरडत ती कोण बदलतं, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. त्यांनी पेला घट्ट धरून ठेवला.

"बाबांचं मत तेवढं राहिलं," मुलगा म्हणाला आणि खुर्चीमागे येऊन उभा राहिला. "एक हात खाली राहून कसं चालेल, बाबा? नियम तुमचाच." त्याने त्यांचं उजवं मनगट धरलं आणि वर केलं. तो हात आजोबांचं ऐकेनासा झाला होता. मुलाचं त्याने लगेच ऐकलं.

"एकमताने मंजूर."

नातीने टाळ्या पिटल्या आणि फोन काढला. "पप्पा, तसाच धरून ठेवा. फोटो घेते. सगळे हात वर."

"मलाही पाठव," सून म्हणाली. "तिथल्या नर्सला देते, मोठा करून आईंना दाखवेल. बाबा कसे मजेत आहेत ते बघून बरं वाटेल त्यांना."

"तो पेला मध्ये येतोय गं, आई."

सुनेने पेला काढून घेतला. हात मोकळा झाल्याबरोबर आजोबांनी तो सगळा जीव एकवटून पुन्हा वर केला, मघापेक्षाही उंच. नातीने नेमका तेव्हाच फोटो काढला.

"हे बघ," सून नातीच्या खांद्यावरून फोनमध्ये डोकावत म्हणाली, "बाबांनी तर दोन्ही हात वर केलेत."