दोन बोटं सैल

"बाबा, डावा हात! उजवा नाही, डावा!" बारकी ओरडली.

शिंपीमास्तरांनी तिच्या उजव्या हाताला गुंडाळलेली टेप सोडली. तोंडातली टाचणी काढून कॉलरला खोचली.

"तू जेवतेस उजव्या हाताने?"

"हो."

"लिहितेस उजव्याने. भावाला धपाटे घालतेस तेही उजव्यानेच. मग गार्ड डाव्याला कशाला?"

"धनुष्य डाव्या हातात असतं म्हणून!"

दुकानामागच्या अंगणात दोघं उभी होती. नऊ वाजून गेलेले. दहाला मैदानावर संघाची निवडचाचणी. काल सरांनी सगळ्यांदेखत सांगितलं होतं, की दोरी लागेल या भीतीने ही पोरगी बाण सुटायच्या आधीच हात आखडते. हाताला गार्ड बांधून ये, नाहीतर येऊच नकोस. तिच्या हातावर आतल्या बाजूने जांभळ्या रेघा उठल्या होत्या, पट्टी ठेवून आखाव्यात तशा. म्हणून मास्तरांनी खेळाच्या दुकानातून, नाही बसला तर परत या बोलीवर, दोन गार्ड आणले होते. एक प्लास्टिकचा, एक चामड्याचा.

प्लास्टिकचा त्यांनी हाताच्या बाहेरच्या बाजूने चढवला. ढाल कशी, समोर दिसली पाहिजे.

"आतून लावायचा, बाबा."

"आतून? शत्रू आतून येतो होय?"

"शत्रू कुठला! माझीच दोरी लागते मला."

मास्तरांनी धनुष्याकडे पाहिलं, मग लेकीकडे. "म्हणजे बाण जातो तिकडे, आणि मार खातेस तू?"

"हो."

"आणि ह्याला खेळ म्हणतात."

आतून लावला तर प्लास्टिकचा कोपराच्या वळणात रुतायला लागला. तो गेला बाजूला. चामड्याचा बांधला. पट्टे शेवटच्या भोकापर्यंत ओढले, तरी तो हातावर बांगडीसारखा फिरत होता. मास्तरांनी खाली बोटं सरकवून पाहिली. बरोबर दोन गेली. चेहरा उजळला.

तीस वर्षांत त्यांच्या हातून एकही कपडा दोन बोटं सैल सोडल्याशिवाय बाहेर गेला नव्हता. माप घेतानाच टेपखाली दोन बोटं जायची. त्यांनी पहिलीत शिवलेली चड्डी पोरांना चौथीत बसायची. तोवर ती एका हाताने धरून पळायची सवय झालेली असायची.

"फस्क्लास! आजी होईस्तोवर पुरेल."

"अहो बाबा, मला आज दहाला हवाय!"

"मारून तर बघ."

भिंतीशी चिंध्यांनी ठासून भरलेलं पोतं होतं, तेच बारकीचं निशाण. तिने बाण लावला, दोरी ओढली, सोडली. गार्डची सुटी कड दोरीत अडकली आणि बाण पोत्याला टाळून तारेवर वाळणाऱ्या पोस्टमास्तरांच्या तपकिरी पँटीत घुसला. तोही नेमका बसायच्या जागी.

"मास्तर, पँट झाली का हो?" बाहेरून, दुकानाच्या बाकावरून आवाज आला.

"झालीच! जरा वारा खातेय!" मास्तरांनी बाण उपसला, भोकातून बोट बाहेर काढून पाहिलं आणि हळूच म्हणाले, "काळजी नको. शिवणीत दोन बोटं कापड दडवलंय. बघितलंस? सैल ठेवल्याचा फायदा."

"सैल ठेवलं म्हणूनच तर भोक पडलं!"

मास्तर पँट धरून उभेच राहिले. दोन्ही गोष्टी त्यांना खऱ्या वाटत होत्या, आणि दोन्ही एकदम खऱ्या कशा, ते काही केल्या उमगेना.

बारकीने गार्ड काढून फेकला. हातावर ताजी लाल रेघ उठली होती. ती पायरीवर जाऊन बसली. "मी जात नाही. परत हात आखडेन, आणि सगळे हसतील."

मास्तर तिच्यासमोर उकिडवे बसले. टेप काढली. सवयीने दोन बोटं टेपखाली गेली. त्यांनी ती बाहेर घेतली. टेप पहिल्यांदाच पोरीच्या कातडीला टेकली.

"सात?" त्यांनी पुन्हा मोजलं. "वहीत तर साडेआठ आहे. एवढीशीच आहेस तू?"

"मग किती असणार?"

चामडं कात्रीच्या पात्यांत धरून ते थांबले. "कापला तर दुकानदार परत घेणार नाही. आणि पुढच्या वर्षी?"

"पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी, बाबा. कापा!"

त्यांनी डोळे मिटले आणि कापलं. मशीनवर जाड सुईने कड दुमडून शिवली, खिळ्याने पट्ट्याला नवं भोक पाडलं. गार्ड हातावर असा बसला की खाली नखही जाईना. मास्तरांना बघवेना, म्हणून त्यांनी पोत्याकडे पाहिलं.

दोरी चामड्यावर टप्पकन वाजली. बाण पोत्यात. बारकीने आपल्या हाताकडे पाहिलं. तो होता तिथेच होता, सरळ.

धनुष्य उचलून ती दुकानातून पळाली. बाकावरचे पोस्टमास्तर तिच्या वाटेतून कसेबसे बाजूला झाले, मागच्या अंगणात आले आणि तारेसमोर थांबले.

"मास्तर, हे भोक कसलं?"

"हं?" मास्तर मापांची वही उघडून बसले होते. बारकीच्या पानावरचं साडेआठ त्यांनी तसंच ठेवलं, शेजारी सात लिहिलं. मग कॉलरची टाचणी काढली आणि गार्डमधून कापून निघालेली ती दोन बोटं रुंदीची चामड्याची पट्टी तिच्या पानाला नीट टोचून ठेवली.