चेंडूवरचा आकडा

“आकडा?” ह्राबाक मास्तरांनी विचारलं.

“सात,” ट्रेव्हॉनने ठोकून दिलं.

“खोटं. पुन्हा.”

ट्रेव्हॉनने लांबोळका चेंडू फिरवून पाहिला. टोकाशी काळ्या शाईने बारीक चार काढलेला होता. पंधरा पावलांवरून म्हाताऱ्याला हे कळतं कसं, देव जाणे. बरं, बघत असेल तर ना! कुंपण धरून उभा, आणि तोंड भलतीकडे, पाण्याच्या टाकीकडे.

ओहायो नदीकाठच्या त्या पोलादगावात ट्रेव्हॉन लकेटइतकं जोरात पळणारा दुसरा पोरगा नव्हता. पण शाळेच्या अमेरिकन, म्हणजे हाताने खेळायच्या फुटबॉलच्या संघात त्याचं काम होतं फेकलेला चेंडू झेलून पळायचं, आणि झेलला की त्याचं पळणंच संपायचं. चेंडू हातात यायच्या आधीच त्याची नजर अंगावर धावून येणाऱ्या गड्याकडे जायची. मग चेंडू धप्पकन छातीवर आदळायचा. तो त्याला कवटाळायचा, पाय थबकायचे, आणि दोघंतिघं मिळून त्याला जागच्या जागी लोळवायचे. पुढे एक यार्डसुद्धा नाही. “घोडा शर्यतीचा, पण खुंटीला बांधलेला,” असं न्हाव्याच्या दुकानात बोललं जायचं, आणि तेही त्याच्या देखत.

दोन वर्षांपूर्वी मोठे कोच त्याला काढायला निघाले होते. तेव्हा झेल शिकवणारे ह्राबाक मास्तर एवढंच म्हणाले, “माझ्याकडे राहू दे.” तेव्हापासून हे आकड्यांचं चाललं होतं. मास्तरांची बायको मिल्ड्रेड त्यांना गाडीतून आणून सोडायची आणि गाडीतच बसून चेंडूंवर आकडे काढायची. हात पुढे करून झेलायचं, आकडा वाचायचा, मगच पळायचं. मास्तर “बरोबर” म्हणायचे, नाहीतर “खोटं”. कधी चुकले नाहीत.

शनिवारचा सामना हरला तर हंगाम संपणार होता. ट्रेव्हॉनचं शाळेचं हे शेवटचं वर्ष, म्हणजे त्याचं सगळंच संपणार होतं. त्यामुळे आज गुरुवारी त्याचा तोल सुटला.

“कोच, मी इथे मरमर मरतोय आणि तुम्ही टाकी न्याहाळताय! एकदा तरी माझ्याकडे बघा की!”

“मी बघून काय होणार, लेका?” मास्तर शांतपणे म्हणाले. “बघायचंय तुला. चल, पुन्हा.”

पोरं फिदीफिदी हसली. ट्रेव्हॉन दात-ओठ खात पुन्हा पळाला.

शनिवारी दुपारी लख्ख ऊन होतं. सगळं गाव मैदानावर लोटलं होतं. दीड मिनिट उरलं होतं, संघ चार गुणांनी मागे होता, आणि शेवटच्या प्रयत्नात पंधरा यार्ड कापायचे होते. ट्रेव्हॉनवर विसंबायला कुणी राजी नव्हतं. पण बाकीचे सगळे वेढले गेले आणि चेंडू त्याच्याकडेच आला, तोही जेमतेम पाच यार्डांवर. उरलेले दहा त्याने पळून काढायचे.

डावीकडून कुणीतरी धावत येत होतं. बुटांची धडधड ऐकू येत होती. मान वळवायचा मोह त्याला झाला, नाही असं नाही. पण दोन वर्षांची सवय मोहापेक्षा जबर निघाली. सामन्याच्या चेंडूवर आकडा नसतो हे ठाऊक असूनही त्याचे डोळे टोकावर आकडा शोधत राहिले. चेंडू बोटांत अलगद उतरला. पाय थांबलेच नाहीत. धावून आलेला गडी त्याच्या मागून हवेतच झेपावला. ट्रेव्हॉन दहा यार्ड पळाला, वीस पळाला आणि थेट शेवटच्या रेषेपार जाऊन थांबला. सहा गुण, आणि सामना खिशात! न्हाव्याच्या दुकानातली मंडळी बाकांवर चढून नाचत होती.

चर्चच्या बायकांनी पिरोगीची, त्या उकडलेल्या करंज्यांची, ताटं आणली, तरी तो तिकडे फिरकला नाही. तो मिल्ड्रेडकडे गेला, तिचं जाड पेन मागून घेतलं आणि जिंकलेल्या चेंडूवर लिहू लागला. अक्षरं बोटाएवढी जाड आली.

मास्तर कुंपणाशी तसेच उभे होते. त्याने चेंडू त्यांच्या हातात दिला.

“एवढ्या गलक्यात तुझा झेल मला ऐकूच आला नाही,” मास्तर म्हणाले. “म्हणजे चांगला धरलास.”

ट्रेव्हॉन हसला. मास्तरांनी चेंडूच्या शिवणीवरून अंगठा फिरवला, चेंडू नाकाशी नेऊन वास घेतला. त्यांच्या बोटांना शाईचा ओला डाग लागला.

“लिहिलंयस होय काही?” ते म्हणाले. “आकडा?”

ट्रेव्हॉनचं हसू ओठांवरच राहिलं. आकडा नव्हताच. आणि ती अक्षरं तर रस्त्यावरूनही वाचता आली असती. त्याने गाडीकडे पाहिलं. मिल्ड्रेडने मान खाली घातली होती. छातीवर आदळणाऱ्या चेंडूचा तो धप्प आवाज त्याला आठवला, आणि त्यापाठोपाठ दर वेळचं ते “खोटं”.

तो मास्तरांच्या खांद्याला खांदा लावून उभा राहिला आणि चेंडूवरची नजर न हलवता त्याने मोठ्याने वाचलं, “कोच, तुम्ही मला बघायला शिकवलंत. हे मी जन्मात विसरणार नाही.”

“बरोबर,” मास्तर म्हणाले.