अर्धवट डाव

डाव ऐन रंगात आला की रादोमिरचा कॉम्प्युटर पट्कन बंद पडायचा. मग बेलग्रेडहून त्याच्याशी ऑनलाइन बुद्धिबळ खेळणारे व्याही मुद्दाम फोन करायचे, "काय हो, हरायला लागलात की तुमची वीज जाते वाटतं?"

हे रादोमिरच्या फार जिव्हारी लागलं. त्यानं दुरुस्तीवाल्या तादियाला तिसऱ्यांदा बोलावलं. आधी मेमरी बदलून झाली होती, मग पॉवर सप्लाय. आज तीन तास झाले, तरी कॉम्प्युटर बंद पडायचं नाव घेईना.

"काका, मी बसलो की छान चालतोय हा."

"आणि मी बसलो की मान टाकतो! माझ्यावरच खुन्नस आहे मेल्याची."

कॉफी घेऊन आलेली त्याची बायको देसांका म्हणाली, "या कॉम्प्युटरच्या जाळीतून नेमका यांच्या गुडघ्यांवर वारा येतो. म्हणून हे बसले की मी तिथे माझी लोकरीची शाल कोंबते. पाहुणे यायचे असले की काढून ठेवते, बरं दिसत नाही ना."

तादिया हसून हसून खुर्चीवरून पडायचाच बाकी राहिला. "अहो काकू, ती गरम हवा बाहेर गेली नाही तर मशीन तापून बंद पडणारच!"

"गरम असो नाहीतर गार, वारा तो वारा. लागला की गुडघे धरलेच म्हणून समजा. मशीन दुकानात मिळतं. गुडघे मिळतात का?"

तादियाचं हसू हळूहळू मावळलं. तीन तास त्याचे गुडघे त्याच जाळीसमोर होते.

"काकू," तो खालच्या आवाजात म्हणाला, "ती शाल जरा इकडे द्या."