कैची

कुंता एस.टी.तून उतरली. फाट्यावर तिला न्यायला बैलगाडी आलीच नव्हती. डोक्यावर ओल्या बारदानात गुंडाळलेली प्लास्टिकची थैली, थैलीत पाणी आणि पाण्यात जिरं, म्हणजे तिळाएवढी माशांची पिल्लं. गाव अजून तीन कोस आत, एस.टी. तिकडे जात नाही. ऊन चढलं की थैलीतलं सगळं मरणार आणि ढिवरांच्या मच्छीमार सोसायटीचा तलाव वर्षभर रिकामा राहणार.

फाट्यावर उतरणाऱ्यांसाठी श्रीहरी भाड्याने सायकली ठेवायचा. पण बाईमाणसाला? नावच काढू नका.

"सायकल मोडून घेऊ का मी?" तो म्हणाला. "चालवता तरी येते का, बाई?"

"येते. पन कैचीच."

शेजारच्या टपरीवरचे लोक चहा प्यायचे थांबले आणि खो खो हसले. दांड्याखालून पाय घालून, सीटवर न बसता, वाकडंतिकडं होत पोरं सायकल शिकतात, ती कैची. नातवंडं खेळवायच्या वयात!

कुंताने थैली खाली उतरवून बारदान बाजूला केलं. श्रीहरी वाकला. दोन-चार पिल्लं उलटी तरंगत होती, बाकीची अजून पळत होती. त्याचं हसू मावळलं. त्याने स्वतःच थैली कॅरिअरवर ठेवली आणि ट्यूबच्या पट्टीने जपून बांधली.

"निंगा. भाड्याचं मंग पाहू."

कुंताने काष्टा घट्ट खोचला, दांड्याखालून पाय घातला आणि निघाली. पहिल्या वळणावर सायकल डगमगली. पुढे तिने जी पळवली! शेतात भाताच्या रोवणीला वाकलेल्या बायका कंबर सरळ करून बघतच राहिल्या.

"कुंता होय का वं ते? मार माय, पायडल मार!"

कुंताला दम लागला होता. हसू मात्र फुटत होतं.

सोसायटीचे अध्यक्ष सोमाजी चार ढिवरांसोबत तलावाच्या काठावर तोंड पाडून बसले होते. "बैलगाडीचा आख तुटला. गडीमानूस असता तं काईतरी केलं असतं. बाई काय करते?"

तेवढ्यात थैली डोक्यावर घेऊन कुंता तलावाच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून, खाली उतरली.

थैली आधी तशीच पाण्यात तरंगत ठेवली, मग तिचं तोंड सोडलं. क्षणभर काहीच हललं नाही. सगळे वाकून पाहू लागले. मग पिल्लं सुटली, हजारोंनी, दिसेल त्या दिशेने, आणि काठावर एकच कल्ला उठला. कुंताचे डोळे भरून आले. एवढा आनंद तिला लेकाच्या लग्नातही झाला नव्हता.

सोमाजी पाळीवर चढले. पलीकडे सायकल उभी दिसली. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं.

"सायकलवाला कुठी गेला? बोलवा त्याले. चहा पाजू."

कुंता लुगड्यावरचा चिखल धूत होती. मान वर न करता म्हणाली,

"साखर जास्त टाकाले सांगा, भाऊ. लय दमली मी."