सात-ब

“चौथा डबा, सात-ब. मला तीच जागा हवी,” शुक्रान पुन्हा म्हणाली.

खिडकीमागच्या मिशाळ कारकुनाने मान हलवली. “अहो ताई, ही वेगवान गाडी. डोळा लागायच्या आत अंकाराहून कोन्या येतं. कुठेही बसा की.”

शुक्रानला कुठेही बसायचं नव्हतं. शेजारची सात-अ तिच्या नवऱ्याची होती. तहसीन पीठगिरण्यांचे सुटे भाग विकायचा. उद्या तो कामासाठी कोन्याला निघणार होता. एरवी इकडची काडी तिकडे न करणाऱ्या या गृहस्थाने यंदा तिकीट स्वतः काढलं होतं. खिडकी मिळाली का, असं तिने विचारलं, तर बूट काढता काढता त्याने डबा आणि जागाही सांगून टाकली. तेवढ्या सुतावरून या बाईने स्वर्ग गाठला.

मुलगी लग्न होऊन इझमीरला गेली आणि घरात बोलायला विषयच उरला नाही. उद्या यांच्या लग्नाला पंचवीस वर्षं होत होती. तो विसरला होता, तिने मनावर घेतलं नाही. गुपचूप गाडीत चढायचं, डोक्यावरचा रुमाल पुढे ओढून त्याच्या शेजारी बसायचं आणि गाडी सुटली की द्राक्षाच्या पानांत गुंडाळलेल्या भाताचा डबा त्याच्या मांडीवर ठेवायचा, असा तिचा बेत होता. पानं घरी भिजत पडली होती. तिचा अजून त्याच्यावर जीव होता, दुसरं काही नाही.

परक्या पुरुषाशेजारी बाईला जागा देत नाहीत, हे तिला ठाऊक होतं. म्हणून तिने लग्नाच्या दाखल्याची लाल पुस्तिका पर्समध्ये आणली होती. कारकुनाने हरकत घेतली की ती त्याच्या नाकासमोर धरायची.

“ती जागा गेली, ताई.”

“कोणाला?”

“एका बाईंना.”

शुक्रानचा पारा चढला. “सात-अ वर पुरुष आहे ना? परक्या पुरुषाला खेटून बाई बसवलीत? उद्या त्याच्या बायकोला कळलं तर तिला काय वाटेल?”

“लाजच उरली नाही कुणाला,” रांगेतल्या एक आजी म्हणाल्या. शुक्रानला आणखी जोर आला.

“उठवा तिला तिथून. आत्ताच्या आत्ता.” तिने पर्स उघडली आणि पुस्तिका चाचपली.

कारकुनाने चष्मा काढून ठेवला. त्याच्या खिडकीवर असा आळ कधी कुणी घेतला नव्हता.

“आमच्याकडून अशी चूक होत नाही, ताई. परक्या पुरुषाशेजारची जागा यंत्रच बाईला देत नाही. एका घरची माणसं असली, तिकिटं एकत्र काढली, तरच देतं. ही दोन्ही परवा मीच दिली. ‘मी आणि माझी बायको,’ म्हणाले ते. शेजारी उभ्या होत्या त्या. आता नवरा-बायकोला मी कशाला उठवू?”

“मग ठीक आहे,” आजी म्हणाल्या.

लाल पुस्तिका अर्धी बाहेर आली होती. शुक्रानने ती परत आत सरकवली. पर्स काही केल्या बंद होईना.

कारकुनाने चष्मा पुन्हा चढवला. राग गेला होता, उलट बाईची त्याला जरा कीवच आली.

“बोला ताई,” तो म्हणाला, “तुम्हाला कुठे बसवू?”