सुरगाठ

बोगदा खचून धाकटा भाऊ आत अडकला होता. दगडांच्या फटीतून माणूस जाईना, म्हणून थोरल्याने पुतणीचा रिमोटवर चालणारा ट्रक आणला. पहिल्याच खेपेला फटीच्या तोंडाशीच त्याचा प्लॅस्टिकचा आस मोडला. आतून दगडावर दगड आपटल्याचे ठोके येत होते. "दम धर रे, आलोच!" थोरला वेल्डर होता, त्याने लोखंडी आस बसवला, चाकांत स्पंज कोंबला, पोटाखाली पत्रा ठोकला. वर पाण्याची बाटली सुरगाठीने बांधली, धाकट्याला एका झटक्यात सुटावी म्हणून. ट्रक आपटत, धडपडत आत गेला. ठोके थांबले. "पोचलं पाणी!" कुणीतरी ओरडलं. बऱ्याच वेळाने थोरल्याने ट्रक मागे घेतला. आस शाबूत, चाकं शाबूत, बाटली भरलेली, गाठ जशीच्या तशी. बोगद्याच्या तोंडाशी बसलेल्या आईने धाकट्याचं नाव न काढता विचारलं, "ट्रक टिकला का रे?" "टिकला, आई." थोरल्याला ती गाठ सुटेना.